बुक्क्याच्या वेळेतलं बोलणं

शुक्रवारी सकाळी साडेनवाच्या खेळाला लातूरच्या एका थिएटरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा अख्खा वर्ग बसला होता. त्यात सगळ्यात ताठ मानेनं कुणी बसलं असेल, तर ती उमरीची आरती. का बसू नये? पडद्यावर तिच्या गावाचं नाव येणार होतं. ‘उमरीची प्रेमला’. कीर्तनकार प्रेमलाबाई उमरीकरांच्या आयुष्यावरचा सिनेमा. ज्या बाईंनी भोकरपासून देगलूरपर्यंत चाळीस वर्षं माणसांना हसवलं, रडवलं आणि घरी जाताना थोडं शहाणं करून पाठवलं, त्या प्रेमलाबाई. आणि त्यांच्या मागे अठ्ठावीस वर्षं टाळ धरून उभी राहिलेली साखराबाई म्हणजे आरतीची सख्खी आत्या.

ही गोष्ट आरतीनं होस्टेलवर इतक्या वेळा सांगितली होती, की तिच्या खोलीतली धम्मप्रिया म्हणायची, “तुझ्या लग्नपत्रिकेत मुलीच्या नावाखाली शिक्षण नको लिहायला. ‘आत्या टाळकरी’ एवढं लिहिलं तरी भागंल.”

सिनेमाला घेऊन आले होते वरद सर. ते ‘व्यावसायिक संवाद’ हा विषय शिकवायचे, आणि खरं सांगायचं तर गोडीनं शिकवायचे. अर्ज कसा लिहावा, फोनवर कसं बोलावं, समोरच्याला बोलतं कसं करावं, हे त्यांच्याकडून शिकावं. शेवटचा धडा परीक्षणाचा होता. “चरित्रपट बघा आणि त्याची किंमत करा,” ते म्हणाले होते. “आवडला, नाही आवडला, हे मला नको. काय जमलं, काय फसलं, आणि कशावरून, ते सांगा. डोकं थंड ठेवा.”

मध्यंतरापर्यंत आरतीचं डोकं थंड राहिलं नाही ते वेगळ्या कारणानं. सिनेमा खरंच चांगला होता. बाईंचं काम करणारी नटी नमनाला उभी राहिली, डोळे मिटून तिनं हात जोडले, आणि आरतीच्या अंगावर काटा आला. कीर्तन उभं करताना पायाखालची जमीन चाचपून बघायची बाईंची सवय, पदर खोचून चिपळ्या उचलायची ढब, सगळं जिथल्या तिथं. मागे टाळ धरलेली एक सावळी, कमी बोलणारी बाई होती. सिनेमात तिचं नाव सखू. ती दिसली तशी आरतीनं शेजारच्या धम्मप्रियाच्या मांडीवर चापट मारली.

“हीच! हीच आत्या!”

“दिसली, बाई, दिसली. माझी मांडी सोड.”

मध्यंतरानंतर प्रेमलाबाई म्हाताऱ्या झाल्या. त्यांचा आवाज बसला. निरूपण जमायचं, पण अभंग धरला की वरच्या स्वराला गळा चिरकायचा. आणि मग पडद्यावर असं दिसलं, की बाई पुढे नुसते ओठ हलवतायत, हात वर नेतायत, आणि मागून सखू गातेय. माणसांना वाटतंय, बाईच गातायत. पुढच्या दृश्यात सखू चुलीपाशी चहाचा कप धरून बसलेली. तोंडातल्या तोंडात ती म्हणाली, “देवानं त्यांचा गळा माझ्यापाशी ठेवायला दिलता. ठेवायला दिलेली चीज आपली असती का गं?”

आरतीचा हात धम्मप्रियाच्या मांडीवरून आपोआप मागे आला.

हे वाक्य लिहिलेलं कुठंच नव्हतं. हे वाक्य दोघींमध्येच बोललं गेलं होतं. एक साखराबाई, आणि दुसरी ती स्वतः.

*

ते असं झालं होतं. दुसऱ्या वर्षाला असताना, दिवाळीत, वरद सरांनी मुलाखतीचा धडा दिला होता. घरातल्या एका जाणत्या माणसाला बोलतं करायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं, उतरवून काढायचं. अट अशी की कापाकापी न केलेलं रेकॉर्डिंग द्यायचं, कारण त्याच्या आदल्या वर्षी पोरांनी मोबाईलवरच्याच मुलाखती ढापल्या होत्या. वीस गुण. त्यातले पाच ‘समोरचा माणूस किती मोकळा झाला’ याला. सोबत एक संमतीपत्र. ते सरांनीच तयार केलं होतं. ‘ही माहिती फक्त वर्गात शिकण्या-शिकवण्यासाठी वापरली जाईल.’ आत्यानं चष्मा लावून ते अक्षर अक्षर वाचलं आणि खाली गोल अक्षरात सही केली.

“लईच कायदेशीर करून राहिली गं तू,” ती हसून म्हणाली होती.

आरतीनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. तास-सव्वातास आत्या बोलली. बाई कशा भेटल्या, पेटीवाले गुरुपादप्पा देगलूरचे कसे, कानडीत कसे रागवायचे. मग चहा झाला. कप हातात घेतल्यावर आत्या सैल बसली, आणि ते सगळं बोलली.

इथं एक रीत सांगायला हवी. कीर्तनात पूर्वरंग संपला की कीर्तनकार थोडा वेळ टेकतो. गळ्यात हार पडतो, कपाळाला बुक्का लागतो, मागची साथ भजन धरते. मग उत्तररंगातलं आख्यान. त्या मधल्या वेळात प्रेमलाबाई मान मागे वळवून साखराबाईशी हळूच बोलायच्या. गुडघा ठणकतोय, पुढच्या रांगेतला म्हातारा झोपला बघ, असलं काहीही. त्यांचा आपसांतला नेमच होता. बुक्क्याच्या वेळेतलं बोलणं कीर्तनात धरायचं नाही. ते कुणी ऐकलं तरी ऐकलं नाही म्हणायचं. आत्यानं हे आरतीला लहानपणापासून शंभर वेळा सांगितलं होतं.

चहा आला तेव्हा आत्याच्या लेखी मुलाखतीचा पूर्वरंग संपला होता. चहा म्हणजे बुक्का. म्हणून ती बोलली. शेवटची चार वर्षं बाईंच्या गळ्यातून सूर निघत नव्हता. अठ्ठावीस वर्षं एकत्र म्हणून म्हणून दोघींचा गळा एकसारखा झाला होता, त्यामुळं कुणाला कळलं नाही. कळलं ते फक्त गुरुपादप्पांना, आणि तेही आता नाहीत. बाईंनी टाळावर हात ठेवून शपथ घातली होती. “साखरे, मी जिती हाय तवर बोलू नको, आन् मी मेल्यावर तर मुळीच नको. लोकांनी माझ्या तोंडून देव ऐकलाय. त्यांचा देव खोटा पडंल.”

फोन डब्याला टेकून चालूच होता. आरतीला ते ठाऊक होतं. बंद करायला हात पुढेही झाला होता. पण आत्याचं बोलणं तुटेल म्हणून ती थांबली. लातूरला आल्यावर उतरवून काढताना तिनं तेवढा भाग गाळला, कागदावर ‘इथं पाच मिनिटं घरगुती बोलणं’ असं लिहिलं. रेकॉर्डिंग मात्र अटीप्रमाणे अखंड दिलं. सर ऐकणार, मोकळेपणाचे पाच गुण देणार आणि विसरून जाणार. असं तिला वाटलं होतं. वाटण्यात काय जातं?

अठरा गुण मिळाले होते.

*

पडद्यावर पुढे जे झालं ते आत्याच्या बोलण्यात नव्हतंच. सखूच्या मनात असूया शिरली. गाते मी आणि हार हिच्या गळ्यात! शेवटच्या मोठ्या कीर्तनात बाईंनी हात वर नेला, आणि सखू मुद्दाम गप्प राहिली. हजार माणसांसमोर बाई उघड्या पडल्या. ओठ हलतायत, आवाज नाही. त्या धसक्यानं महिन्याभरात गेल्या. थिएटरात मागून कुणीतरी म्हणालं, “काय नीच बाई आहे!” कुणी रडत होतं. दिवे लागताना अक्षरं वर सरकू लागली. ‘विशेष आभार’ खाली चौथं नाव वरद सरांचं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी उठून, लाजल्यासारखं करून, हात जोडले.

बाहेर धम्मप्रियानं आरतीला भिंतीशी नेलं. “काय झालं? तोंड पांढरं फटक पडलंय.”

आरतीनं सांगितलं. धम्मप्रियाची थट्टा त्या दिवसापुरती संपली. ती एवढंच म्हणाली, “आत्याला कुणीतरी सांगायच्या आत तू सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर मेलीस.”

दुपारी आरती सरांच्या खोलीत गेली. सर खूश होते.

“ये, ये. तुलाच बोलावणार होतो. कसं वाटलं सरप्राइज?”

“सर, ते रेकॉर्डिंग तुम्ही त्यांना दिलं?”

“दिग्दर्शक मिहिर माझा रूममेट होता, पुण्याला. त्याला इकडची बोली कानावर हवी होती. मी म्हटलं, माझ्या पोरांनी सोन्यासारखं काम केलंय. दिल्या दहा-बारा क्लिप. तुझ्या क्लिपवर तर तो फिदा झाला! सिनेमाचा अख्खा उत्तरार्ध तुझ्यामुळं उभा राहिला.”

“सर, संमतीपत्रात लिहिलं होतं, फक्त वर्गासाठी.”

“शिकण्या-शिकवण्यासाठी,” सर मऊपणे म्हणाले. “आणि आज वर्गाला घेऊन गेलो की नाही?”

आरतीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. या माणसानं तिला शिकवलं होतं, की समोरचा बोलतो तेव्हा त्याच्या शब्दांहून त्याचा विश्वास मोठा असतो. तिनं ते वहीत लाल शाईनं लिहून घेतलं होतं.

“आणि ते गप्प बसणं? ते तर आत्यानं सांगितलंच नाही. ते खोटं आहे.”

“नाव बदललंय ना? सखू. सिनेमाला संघर्ष लागतो, आरती. एक सांगू? तू फार जवळून बघतेयस. परीक्षणात हे येऊ देऊ नकोस. तटस्थ राहा. सोमवारी दे.”

संध्याकाळी घरून फोन आला. वडील शेषेराव बोलले. रविवारी नांदेडला बाराचा खेळ भजनी मंडळानं ठरवलाय, सिनेमावाले स्वतः येणार आहेत, खेळ झाल्यावर आत्याचा सत्कार आहे. अर्धी उमरी गाडीनं निघालीय. मग आत्यानं फोन ओढून घेतला.

“आरते, माझं बी काम दाखवलंय म्हणं त्यात! मंडळाचे किशनराव म्हणले, टाळवाली हाय एक. मी इरकल काढून ठेवलंय. तू बघितलास का? कसा हाय?”

आरतीनं तोंड उघडलं. फोनवर हे कसं सांगायचं, हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

“चांगला आहे,” ती म्हणाली. “मी उद्या येते, आत्या.”

“ये की! बेस झालं.”

मग ती परीक्षण लिहायला बसली, निदान हातांना काम म्हणून. सरांनी चार भाग दिले होते. विषय, मांडणी, सत्यता, परिणाम. पहिले दोन झरझर झाले. नटीनं कीर्तनाला नाटक केलं नाही, हे तिनं लिहिलं. श्रोत्यांचे चेहरे नुसते भरायला आणले नाहीत, त्यांना ऐकताना दाखवलं, हे लिहिलं. टाळाचा ठेका दोन ठिकाणी अभंगाला सोडून पडतो, तेही लिहिलं. ‘सत्यता’ लिहिलं आणि पेन थांबलं. सखू कधीही गप्प बसली नाही, असं लिहिलं तर सर विचारणार, कशावरून? मग सांगावं लागणार, कारण ती चार वर्षं रोज गात होती, तिनं स्वतः सांगितलंय. म्हणजे आत्याच्या अंगावरचा डाग पुसायचा तर शपथ मोडायची. शपथ राखायची तर डाग राहू द्यायचा. मिहिर नावाच्या माणसानं अशी गाठ मारून ठेवली होती, आणि गाठीला दोरा आरतीनं पुरवला होता.

*

शनिवारी लातूरहून नांदेड, नांदेडहून उमरी, असं करत ती दुपारी तीनला पोचली. आत्या मारुतीच्या देवळात दोन पोरींना टाळ शिकवत होती. “मनगट मोकळं सोड, कुदळ मारून राहिली का?” असं चाललं होतं. आरतीला बघून तिनं पोरींना घरी पाठवलं आणि पायरीवर जागा करून दिली.

आरतीनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. फोन, अट, गाळलेली पाच मिनिटं, सरांचा मित्र, चहाचा कप, ते वाक्य. मग गप्प बसण्याचं खोटं. सांगताना ती रडली, पण थांबली नाही.

आत्या ऐकत होती. टाळ मांडीवर होते. ती बराच वेळ त्यांच्या दोरीची गाठ सोडत आणि बांधत बसली.

“म्हंजी मी त्यांना हजार लोकांत तोंडघशी पाडलं,” ती म्हणाली, “असं दाखवलंय.”

“हो.”

“बरं. त्याला देव बघून घेईल. मला कोण वळखतं? सखू म्हणा न्हाईतर भिकू म्हणा.” ती थांबली. “पर बाईंचं गाणं मी म्हणत व्हते, हे बी दाखवलंय.”

“हो.”

“ते खरंय.”

आरतीनं मान हलवली.

“आरते, चहा पिताना बोलले मी ते.” आवाज चढला नव्हता. “तुला म्हाईत व्हतं. तुला लहानपनापासनं म्हाईत व्हतं.”

“आत्या, मला वाटलं सर...”

“त्या सराचं नको सांगू मला. सर कोण हाय माझा? परक्यानं नेलं तर त्याला चोरी म्हणतेत. घरच्यानं कडी काढून दिली तर काय म्हणतेत गं? तू शिकलेली हायस, तुमच्यात शब्द आसंल.”

आरतीनं हातानं डोळे पुसले.

“कामून दिलंस?”

“मार्कांसाठी.”

“किती दिले?”

“अठरा. विसापैकी.”

“अठरा,” आत्या म्हणाली. आणखी काही म्हणाली असती तर बरं झालं असतं. मारलं असतं तर त्याहून बरं. ती उठली, देवाला हात जोडले, टाळ खुंटीला अडकवले आणि घराकडे चालू लागली. आरती मागून चालली. दोघींमध्ये चार पावलं अंतर होतं, ते घरापर्यंत तेवढंच राहिलं.

घरी सिनेमात सखूचं काय दाखवलंय ते ऐकून शेषेराव म्हणाले, “मी मंडळाला कळवतो. न्हाई जायचं उद्या.”

“जायचंय,” आत्या म्हणाली. “लोक सिनेमा बघणार, आन् मी घरात तोंड झाकून बसले तर सगळं खरंच व्हईल.”

*

रविवारी नांदेडच्या थिएटरात पहिल्या तीन रांगा उमरीच्या होत्या. आत्या इरकल नेसून मधोमध बसली, आरती तिच्या डाव्या हाताला. पूर्वार्धात बायकांनी नमनाला खरोखर हात जोडले, जणू पडद्यावरच्या बाई उठून आशीर्वाद देणार होत्या. आत्याचे ओठ अभंगाबरोबर हलत होते. मध्यंतरानंतर ते मिटले. सखू गप्प राहिली त्या दृश्याला मागून शिव्या आल्या, परभणीच्या की नांदेडच्या कुणा प्रेक्षकाच्या. आणि उमरीच्या तीन रांगांतली एकेक मान वळून साखराबाईकडे बघत होती आणि पुन्हा सरळ होत होती.

दिवे लागले. पडद्यापुढं टेबल, शाल, नारळ. मिहिर पस्तिशीचा, दाढीवाला, नम्र माणूस होता. तो वाकून आत्याच्या पाया पडला. वरद सर लातूरहून आले होते, पहिल्या रांगेच्या टोकाला बसले होते. मिहिर माईकवर म्हणाला, “ज्यांच्याशिवाय हा सिनेमा झाला नसता...”

तेवढ्यात किशनराव उठले. ते भजनी मंडळाचे अध्यक्ष, सत्तरीचे, हातात अजून नारळाची पिशवी.

“सत्कार हुईल मग,” ते म्हणाले. “आदी मला एक सांगा. साखराबाई, माझी मंडळी आजारी आसताना मी तिला खाटंवर घालून बाईंच्या शेवटच्या कीर्तनाला नेलं व्हतं. ती ऐकून म्हणली, आता माझं काई राहिलं न्हाई. आठव्या दिवशी गेली. तिनं काय ऐकलं? बाई गायल्या का न्हाई गायल्या?”

कुणीतरी माईक आत्याच्या हातात दिला. ती माईक धरायची सवय असलेली बाई. तिनं तो तोंडापासून चार बोटं लांब धरला, जसा कीर्तनात धरायचा.

“बाईच गायल्या, किशनराव,” ती म्हणाली. “शेवटच्या दिवसापातूर बाईच गायल्या. मी मागं व्हते. माझा गळा कुठं एवढा? मी आपली टाळ धरणारी. तुमच्या मंडळीनं बाईंचंच ऐकलं.”

किशनराव खाली बसले. त्यांनी टोपीनं डोळे पुसले.

आत्या कधी खोटं बोलली नव्हती. दुधात पाणी घातलं का म्हणून शेजारणीनं विचारलं तरी ‘घातलंय, भांडंभर’ म्हणणारी बाई. आता तीनशे माणसांसमोर, गळ्यात तुळशीची माळ असताना, तिनं आपली चार वर्षं पुसून टाकली.

“पण आत्याबाई,” मिहिर गोंधळून म्हणाला, “तुम्ही स्वतःच तर... आमच्याकडे तुमच्या आवाजात...” तो थांबला आणि वरद सरांकडे बघू लागला.

“माझी मुलाखत आजवर एकीनंच घेतली,” आत्या म्हणाली. “ही माझी भाची. हिलाच पुसा.” आणि माईक तिनं डावीकडे केला. आरतीकडे बघितलं नाही. “सांग, आरती. मी तुला आसलं काई सांगितलं व्हतं का?”

‘आरते’ नाही म्हणाली. आरती म्हणाली.

आरती उभी राहिली. समोर वरद सर होते. त्यांच्यापाशी ते रेकॉर्डिंग होतं, चहाच्या कपाच्या आवाजासकट. ते उठून म्हणू शकले असते, की ही मुलगी खोटं बोलतेय. पण मग लगेच कुणीतरी विचारलं असतं, तुमच्याकडं ते आलं कसं? सरांनी तिच्याकडे बघितलं, मग मिहिरकडे, मग आपल्या बुटांकडे.

“नाही,” आरती म्हणाली. “आत्यानं असलं काही सांगितलं नाही. हे सगळं सिनेमात रचलेलं आहे. मागून गाण्याचंही, आणि गप्प बसल्याचंही.”

तीन रांगांतून एक मोठा उसासा निघाला. बायका बोलायला लागल्या, “म्हणलंच मी,” “आसं कसं आसंल,” “लोकांला कायबी दाखवतेत.” कुणीतरी ‘पुंडलिक वरदा’ म्हटलं आणि अख्ख्या उमरीनं ‘हारी विठ्ठल’ म्हणून साथ दिली. आत्यानं शाल घेतली नाही. नारळ मात्र घेतला, देवाचा असतो म्हणून, आणि बाहेर पडल्यावर तिथंच फोडून वाटायला सांगितला.

वरद सरांनी जिन्यात आरतीला गाठलं. “तू काय केलंस हे कळतंय का तुला? मिहिरचं नाव...”

“सर, माझं परीक्षण ठरलंय,” आरती म्हणाली. “सत्यतेच्या भागात मी एकच ओळ लिहिणार आहे, आत्ता ऐकलीत ती. गुण तुम्ही द्याल ते द्या.”

तिला वाटलं होतं, हे बोलल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.

*

परतीची गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती. नांदेडच्या फलाटावर उमरीच्या बायका आत्याभोवती गोल करून बसल्या. चुरमुरे निघाले. एकीनं विचारलं, “आत्याबाई, खऱ्या बाई कशा व्हत्या वो? आम्ही लहान व्हतो तवा.”

आणि आत्या खुलली. दोन दिवसांत पहिल्यांदा. भोकरच्या सप्त्यात कुत्रं मांडवात शिरलं आणि बाईंनी त्यालाच आख्यानात कसं ओढलं, गुरुपादप्पा रागावले की पेटीचा भाता कसा जोरात हाणायचे, बाईंना गुळाचे शेंगदाणे किती आवडायचे आणि पदराच्या गाठीत त्या कशा लपवायच्या. बायका हसून हसून एकमेकींवर पडत होत्या.

आरती थोडी बाजूला, खांबाशी उभी होती. तिला वाटलं, आता जावं. आज आपण आत्यासाठी काहीतरी केलं, ते तिला ठाऊक आहे. ती गेली आणि बायकांच्या कडेला, आत्यापासून हातभर अंतरावर बसली.

“...तर बाई काय म्हणल्या मला,” आत्या सांगत होती, आणि तिची नजर आरतीवर पडली. ती थांबली. घसा खाकरला. मग अगदी साध्या आवाजात, जसं कुठल्याही चांगल्या मुलीला सांगावं तसं, म्हणाली, “आरती, पाणी आणतीस का जरा? ह्या बाटलीत.”

आरतीनं बाटली घेतली. नळ फलाटाच्या पार टोकाला होता. ती पाण्याखाली बाटली धरून मागे वळून बघत राहिली. दूरवर आत्यानं पुन्हा हात वर नेला होता, बायकांची डोकी जवळ आली होती, आणि बाई काय म्हणाल्या ते सांगणं पुढे चाललं होतं. बाटली भरून वाहायला लागली. तिनं नळ बंद केला, पण आत्याचं सांगून होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.